शिकवणाऱ्या बाईंनी शिकायचं कधी?

‘पर्यावरण ही काय शिकवायची गोष्ट आहे? ते आपल्या रक्तातच आहे.’ आपल्या समाजात हे वाक्य फार ऐकायला मिळतं. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणारी माणसं आपण. आपल्याला कोण काय शिकवणार? गेली काही वर्षं या वाक्याशी माझं भांडण चाललंय. ते अगदीच खोटं असतं तर सोडून दिलं असतं.

जुन्या वाड्यात विहीर होती तेव्हाची गोष्ट आठवा. पाणी गाळलं की गाळण्यावरची जिवाणी कुठंही फेकायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती हळूच सोडायची. हा नियम पाळायला पाणी कुठलं हे ठाऊक असावं लागतं. आता बेळगावात आपल्या घरी पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपच्या जलाशयातून, नाहीतर घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. नळाला फडकं आपण आजही बांधतो. पण परवा आमच्या महिला मंडळात मी सहज विचारलं, ‘आपल्या नळाचं पाणी कुठल्या नदीचं?’ तर दोघीच जणी बोलल्या. सवय राहिली आणि तिच्यामागची ओळख पुसली गेली. ही ओळख रक्तातून येत नाही. ती कुणीतरी शिकवावी लागते, आणि शिकवणाऱ्यानं आधी शिकावी लागते.

सरकारदरबारी ही गोष्ट कधीच मान्य झाली आहे. १९७७ साली जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात युनेस्कोच्या पुढाकारानं पर्यावरण शिक्षणाची मोठी परिषद भरली. तिथं पाच उद्दिष्टं ठरली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपल्या देशात १९८४ मध्ये अहमदाबादला सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन सुरू झालं. १९९१ मध्ये एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. सिनेमागृहांत खेळाआधी पर्यावरणाच्या स्लाइड्स दाखवा, असंही त्यात होतं! २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावं लागलं, यावरून मधली बारा वर्षं कशी गेली ते समजावं. विषय आला, पुस्तकं आली. वर्गात उभ्या राहणाऱ्या बाई मात्र त्याच होत्या, काल मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या.

माझी धाकटी जाऊ अशीच एक. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत आहे. तिचं ‘प्रशिक्षण’ मी माझ्या स्वयंपाकघरात पाहिलंय. ओट्यावर साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवलेला, त्यावर कुणीतरी जैवविविधतेवर बोलतंय, कधी कन्नडमधून कधी इंग्रजीतून, आणि ही चपात्या लाटतेय. शेवटी पाच प्रश्न. उत्तरं दिली की प्रमाणपत्र. ‘झालं, अक्का, मी आता पर्यावरणात पास!’ म्हणून ती हसायची. त्या हसण्यात कडवटपणा होता. तिबिलिसीच्या पाचांपैकी हे प्रशिक्षण फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतं. आपल्या रत्नत्रयात ज्ञानानंतर चारित्र्य येतं, ज्ञानावर गाडी थांबत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग एका पावसाळ्यात चौथीतल्या एका पोरानं विचारलं, ‘बाई, बळ्ळारी नाल्यात घाण कोण सोडतं?’ प्रश्न साधाच होता. त्या नाल्याचं पाणी फुगलं की शहापूर-वडगावच्या शिवारातलं भात पाण्याखाली जातं. त्या मुलाच्या घरचं शेतही त्यातच होतं. खरं उत्तर द्यायचं तर त्यात सगळंच येतं. गाळ, जलपर्णी, नाल्याकाठची बांधकामं, शहराचं सांडपाणी, आणि मंगल कार्यालयांतून निघणारे प्लास्टिकचे पेलेसुद्धा. आपल्या पूजा-विधानांच्या जेवणावळीतलेही. वर्गात अर्ध्या मुलांचे आईवडील या ना त्या बाजूला बसलेले. ओट्यावरच्या त्या प्रशिक्षणानं अशा प्रश्नाची तयारी करून दिलेली नव्हती.

इथं मला खरा नैतिक पेच दिसतो. जे आपण स्वतः पाळत नाही ते शिकवायचा अधिकार आपल्याला आहे का? काहीजणी म्हणतात, नाही. आधी स्वतः निर्दोष व्हा, मग मुलांना सांगा. ऐकायला हे उदात्त वाटतं, पण यानं कुणीच काही शिकवणार नाही. मला मुलांनी ‘पाणी वाचवा’ लिहून दहापैकी दहा मिळवावेत आणि घरी नळ वाहता ठेवावा याचं जास्त भय वाटतं. त्यात मूल अजाण राहत नाही. उत्तर एक आणि वागणं दुसरं, हे रीतसर शिकतं. शिक्षिकेनं निर्दोष असावं अशी माझी अपेक्षा नाही. ‘मला पूर्ण ठाऊक नाही, चला बघू’ एवढं ती वर्गात म्हणू शकली पाहिजे. पण ‘चला बघू’ म्हणायलाही कुठं आणि कसं बघायचं हे कळावं लागतं, आणि ते चपात्या लाटता लाटता कळत नाही.

आपल्याकडे अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे. कारणाशिवाय पाणी सांडणं, माती खणणं, झाड तोडणं. कुणाला मारायचा हेतू नव्हता म्हणून ते सुटत नाही. मला वाटतं, आपलं सांडपाणी कुणाच्या शेतात जातं हे जाणून न घेणं याच घरातलं आहे. म्हणून हे शिकणं मी छंदात किंवा नोकरीतल्या बढतीत मोजत नाही. ते कर्तव्यात येतं.

तर जाऊनं मे महिन्यातल्या पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला नाव दिलं. रोज पायी फिरणं, ओढे पाहणं, पाणी मोजणं, संध्याकाळी नोंदी. घरात पहिला प्रश्न आला, ‘पाच दिवस स्वयंपाकाचं काय?’ दुसरा, ‘या वयात शिकून पगार वाढणार आहे काय?’ त्याच घरातले पुरुष कराच्या नव्या नियमांच्या चर्चासत्राला बंगळूरला जातात तेव्हा भाजी कोण चिरणार असं कुणी विचारत नाही. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, ‘ती शाळेच्या चाळीस पोरांसाठी चाललीय, स्वयंपाक मी बघते.’ त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या पिशवीत त्यांनी स्वतः भाजलेले खाकरे ठेवले.

परत आल्यावर तिनं भाषण केलं नाही, फलक रंगवले नाहीत. एका बांबूवर वीत-वीत अंतरावर रंगाच्या रेघा मारल्या. पुलाजवळच्या एका शेतकऱ्याच्या परवानगीनं तो नाल्याकाठी रोवला. पावसाळाभर दर सोमवारी मुलं लांबूनच, कठड्यामागून, पाणी कुठल्या रेघेला आहे ते बघतात आणि वहीत लिहितात. पाण्याबरोबर काय वाहत आलं तेही लिहितात. पेले, पिशव्या, एकदा तर आख्खी गादी. शाळेत आधी कुरकुर झाली. अभ्यासक्रम कधी संपणार, पालकांनी तक्रार केली तर काय? अजूनही ती पुरती थांबलेली नाही.

पेल्यांचा आकडा मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवला. भाद्रपदातल्या जेवणाला स्टीलचे पेले आणायचे की नाही यावर अजून वाद चाललाय. धुवायचे कुणी, हा त्यातला मुख्य मुद्दा. तो शेतकरी मात्र आता सोमवारी शाळा सुटायच्या वेळी कठड्यापाशी येऊन थांबतो आणि पोरांना विचारतो, ‘आज किती रं?’