सहीनंतर उरणारा हक्क

काम सोडताना कामगारापुढे एक कागद येतो. मजकूर ठरलेला असतो: सर्व हिशेब मिळाला, कंपनीकडे माझे कसलेही येणे उरले नाही, यापुढे कोणतीही मागणी करणार नाही. खाली रेव्हेन्यू स्टँप आणि त्यावर सही. या ‘फुल अँड फायनल’नंतर कायद्याचा रस्ताच बंद होतो, असे बहुतेकजण धरून चालतात आणि हक्काचे पैसे मागायलाही जात नाहीत.

सहीला किंमत नाही, असे मुळीच नाही. आपले येणे पूर्ण किंवा थोडे सोडून देण्याची मुभा १८७२ च्या करार कायद्याचे कलम ६३ देते. ओव्हरटाइमचे तास किती भरले यावर खरोखर मतभेद असेल आणि दोघे एका आकड्यावर आले, तर तो वाद तिथे मिटलाच पाहिजे. नाहीतर कोणता मालक तडजोडीला बसेल? पण किमान वेतनापेक्षा कमी घेईन, असे कुणी लिहून दिले तर ते १९४८ च्या किमान वेतन कायद्याने रद्दबातलच ठरवले होते. २०१९ च्या वेतनसंहितेनेही तोच विचार ठेवला. कारण तो हक्क त्या एकट्याचा नसतो. आज एकजण कमी पैशांवर राजी झाला, की उद्या फाटकाशी उभ्या असलेल्या दुसऱ्यालाही त्याच भावात यावे लागते.

या बाबतीत १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा मला फार शहाणा वाटतो. यंत्रात बोटे गेलेल्या माणसाला दवाखान्याचा खर्च आज हवा असतो. अशा वेळी पुढे केलेल्या कागदावर तो सही करणारच. म्हणून भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने निरर्थक ठरवला. तडजोडीला मात्र बंदी केली नाही. ती आयुक्तांकडे नोंदवायला सांगितली. रक्कम अपुरी असेल, किंवा सही फसवून वा दडपणाखाली घेतलेली असेल, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकत. करार नोंदवलाच नाही, तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागे आणि आयुक्तांनी वेगळे सांगितले नाही, तर आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वळतीही करता येत नसे. चोरून मिटवणेच महाग पडावे, अशी ही रचना होती.

दिलेल्या शब्दाने हक्क संपतो का, हा प्रश्न मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यातही आला होता. झोपड्या बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर त्या पाडायला आडवे येणार नाही, असे त्यांच्या वतीने उच्च न्यायालयात कबूल केले गेले होते. महापालिकेने त्यावर बोट ठेवले. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा शब्द दिला म्हणून राज्यघटनेतला हक्क मागण्याची वाट अडत नाही. झोपड्या अखेर वाचल्या नाहीत. पण त्यांचे म्हणणे दिलेल्या शब्दावरून फेटाळले गेले नाही. ते ऐकले गेले, आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो हे त्याच सुनावणीतून आले.

याच्या उलट ए. के. बिंदल खटल्याचा २००३ चा निकाल दाखवला जातो: स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेऊन गेलेल्याला मागच्या मागण्या उकरून काढता येत नाहीत. मला त्यात विसंगती दिसत नाही. तिथे मागणी सुधारित वेतनश्रेणीची होती. कायद्याने आखून दिलेल्या किमान पातळीच्या खाली तिथे कुणी गेलेले नव्हते.

खरी अडवणूक पैसे रोखून धरण्यात असते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायला सांगितली. त्यासाठी कसल्या हक्कसोडीची अट घातली नाही. तरी ‘आधी सही, मग चेक’ असे सर्रास ऐकवले जाते. माणसाचेच पैसे त्याला देण्याच्या बदल्यात त्याचे बाकीचे हक्क मागितले जातात. याला तडजोड म्हणायला मी तयार नाही. कायद्याने जे देणे आहे ते आधी, बिनशर्त, वेगळ्या चेकने द्यावे. त्यावर जे जास्तीचे द्यायचे असेल, त्याचाच सौदा करावा, आणि त्या कागदावर कोणत्या वादापोटी किती रुपये दिले हे आकड्यात लिहावे.