गीताचें आयुष्य

संपूर्ण कृति विस्मृत व्हावी आणि तिचें एखादें अंग तेवढें जिवंत राहावें, हा अनुभव रसिकांस नवा नाहीं. आमच्या कित्येक संगीत नाटकांचीं कथानकें आज कोणास आठवत नाहींत. त्यांतील पदें मात्र मैफलींत अद्याप ऐकूं येतात. 'हायलँडर' या १९८६ सालच्या साहसपटांतील गीतांची गोष्ट थोडीबहुत अशीच आहे. रसेल मल्काही यांनीं दिग्दर्शित केलेला हा तलवारबाजीचा चित्रपट अमेरिकेंतील चित्रगृहांत चालला नाहीं. पुढें चित्रफितींच्या द्वारें त्यास एकनिष्ठ भक्त मिळाले. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक-वृंदानें त्यासाठीं केलेलीं गीतें मात्र, चित्रपट न पाहिलेल्यांनाहि मोहवितात. तें कां?

कोणी म्हणतील, ही केवळ गेलेल्या तारुण्याची आठवण होय. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. परंतु १९८६ नंतर जन्मलेल्यांच्याहि मनाची हीं गीतें पकड घेतात. त्यांना कसली आठवण? तेव्हां कारण अधिक खोल असलें पाहिजे.

चित्रपटांतील एक प्रसंग पाहूं. १५१८ सालीं स्कॉटलंडांत जन्मलेला नायक कॉनर अमर आहे. त्याची पत्नी हेदर मर्त्य. तो तरुणच राहतो, ती वृद्ध होते आणि त्याच्या बाहूंत प्राण सोडते. त्या वेळीं ब्रायन मे यांनीं रचलेलें 'हू वाँट्स टु लिव्ह फॉरेव्हर' हें गीत ऐकूं येतें. तलवारींच्या खणखणाटांत हा करुणरस अकस्मात् उघडतो, आणि अमरत्व हें वरदान नसून अश्वत्थाम्याच्या कपाळींची जखम आहे, हें कळून चुकतें.

तें गाणारे फ्रेडी मर्क्युरी पारशी कुळांतले, झांझिबारांत जन्मलेले, आमच्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, ते निवर्तले. आवाज राहिला.

विशींत आम्ही या चित्रपटांतील द्वंद्वांची वाट पाहत असूं. आतां पन्नाशी ओलांडल्यावर या गीताची पाहतों. कलेचें मोल तिच्या अखंडतेंत असतें, असें वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलेल्या आम्हांस येथें आपलें मत सुधारून घ्यावें लागतें. जें अंग प्रत्येकाच्या आयुष्यांत पुन्हा घडतें, तें मूळ देहावांचूनहि जगतें. कारण प्रियजनाच्या मागें जो उरतो, तो त्या वियोगापुरता कॉनरच असतो.

धाकट्यांस पत्र लिहितांना आम्ही नांवामागें 'चि.' लिहितों. त्या एका अक्षरांत 'आमच्या मागें तूं राहा' ही इच्छा असते. म्हणजे तें दुःख सोसण्याची पाळी आम्हीं त्यांच्यावर सोपविलेली असते. तरीहि तें अक्षर गाळण्यास हात धजत नाहीं. प्रेमास याहून निराळें कांहीं मागतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.