अनेक कलांची मजुरी

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हा शेरा मराठी घरांत बहुधा त्या मुलाच्या वाट्याला येतो, ज्याला चित्र काढायचे असते, तबला शिकायचा असतो आणि बंद पडलेले यंत्रही उघडून पाहायचे असते; मात्र हा शेरा मारणारा समाज शतकानुशतके जन्माने ठरलेल्या एकेका व्यवसायाला बांधलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागे व्यवहार किती आणि सवय किती, याची शंका येते. बहुकलासक्ती, म्हणजे एकाहून अधिक कलांत सारखेच मन गुंतणे, हा स्वभावदोष मानावा की भांडवल, याचा विचार करण्यास कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव सोयीचे आहे.

हुपरीचे पैंजण एका हाताने घडत नाही. चांदी मुशीत आटवणे, तिची तार ओढणे, तारेच्या कड्या पाडून त्या एकमेकींत गुंफणे, सांधणे, घुंगरू लावणे आणि शेवटी झिलई देणे ही कामे अनेकदा निरनिराळ्या घरांत होतात. त्यांतील सांधणीचे कामच पाहिले तरी कौशल्याची जात कळते. डाख, म्हणजे चांदीच्या आधी वितळणारा मिश्रधातू, टाकणखारासह सांध्यावर ठेवून ज्योत दिली जाते. डाख वाहताच ती बाजूला घ्यावी लागते, कारण क्षणभर उशीर झाला तर बारीक कडीच विरघळते. ही नजर वर्षानुवर्षांच्या एकाच कामातून येते, आणि म्हणूनच श्रमविभाजनाला, म्हणजे एका वस्तूचे काम अनेकांत वाटून देण्याला, हसण्यावारी नेता येत नाही. तथापि अ‍ॅडम स्मिथने 1776 साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन ज्या ग्रंथात या पद्धतीची थोरवी सांगितली, त्याच ग्रंथात जन्मभर दोनचार क्रिया करणाऱ्याची बुद्धी बोथट होते असेही बजावले. पहिला भाग सर्वांच्या तोंडी आहे, दुसऱ्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

याच कोल्हापूर परिसराने दुसरी वाटही दाखवली आहे. बाबूराव पेंटर (1890–1954) मिस्त्री घराण्यातले; चित्रकला, शिल्प, नाटकांचे पडदे आणि यंत्रजुळणी या सर्वांत त्यांचा हात चालत असे. चुलतबंधू आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला आणि 1916 साली आनंदरावांचे निधन झाल्यावरही तो तडीस नेला. त्यातूनच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला. येथे निरनिराळे छंद एकमेकांच्या आड आले नाहीत, कारण चित्रपट ही कलाच अशी निघाली की तिला पडदा रंगवणारा, प्रकाश ओळखणारा आणि स्क्रू पिळणारा माणूस एकाच वेळी हवा होता. त्यांच्या तालमीतले दामले आणि फत्तेलाल हेही याच मुशीतले: 1929 साली स्थापन झालेल्या ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीत एकाने ध्वनिमुद्रण व दुसऱ्याने कलादिग्दर्शन सांभाळले आणि दोघांनी मिळून ‘संत तुकाराम’ (1936) दिग्दर्शित केला.

या यशोगाथेतून ‘मनात येईल ते करावे’ असा उपदेश काढणे मात्र सोपे आणि खोटे आहे. बाबूरावांच्या कंपनीमागे तानीबाई कागलकर या गायिकेचा पैसा होता. तो नसता तर कॅमेरा माळ्यावर पडून राहिला असता, अशीच शक्यता अधिक. अनेक कलांना गुणांइतकीच फसण्याची मुभा लागते, आणि ही मुभा कोणीतरी विकत घेऊन द्यावी लागते. वजनावर मजुरी मिळणाऱ्या कारागिराला ती कोण देणार? घरकाम उरकून कड्या जोडायला बसणाऱ्या बाईला एखादा नवा नमुना सुचला, तरी तो करून पाहण्यात गेलेला दिवस तिच्या हिशेबात शून्यच धरला जातो. तिला आवड एकच आहे असे म्हणणे हा तिच्या नाइलाजाला स्वभाव ठरवण्याचा प्रकार होय.

चांदीच्या बाबतीत एक गोष्ट अनुकूल आहे: फसलेला दागिना पुन्हा मुशीत जातो, थोडी घट सोडली तर धातू परत मिळतो, बुडते ती केवळ श्रमाची किंमत. तेव्हा हुपरीच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांच्या संघटनांनी नव्या नमुन्यांसाठी, ते फसले तरी, दिवसाची मजुरी द्यावी.