मला दिसले नाही म्हणून

दुखरा दात आणि जुनी मोटार यांची एक खोड सारखीच असते. रात्रभर ठणकणारा दात दवाखान्याची पायरी चढताच गप्प होतो, आणि वाटेत दहादा अडलेली मोटार गॅरेजच्या दारात गुणी मुलीसारखी वागू लागते. मग दाखवायला आलेला माणूसच खोटा पडतो.

आमची मोटार वयस्क आहे. तिचे गिअर आपोआप बदलतात. घर बदलापूरला. सकाळी मुलीला स्टेशनावर सोडणे हे माझे काम. जाऊन येऊन तीन-चार किलोमीटर. पत्नी मात्र आठवड्यातून तीनदा गाडी घेऊन उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात आपल्या आईकडे जाते आणि दुपारी परतते.

एके दिवशी ती म्हणाली, “अहो, ही गाडी मध्येच आवंढा गिळते.”

मला हसू आले. दुसऱ्या दिवशी स्टेशनाची फेरी मी कान टवकारून केली. आवंढा नाही, उचकी नाही, काही नाही. घरी येऊन मी निकाल दिला, “गाडी ठणठणीत आहे. तुझाच पाय ब्रेकवर रेंगाळत असेल.” ती पुन्हा दोनदा म्हणाली, मी पुन्हा दोनदा तेच उत्तर दिले. पुढे तिने सांगणे सोडले, आणि दोष गेला असे मी समजलो.

पण एकदा गाडी तेलपाण्यासाठी एका गॅरेजात दिली असता मी सहज ही गोष्ट काढली. तिथल्या माणसाने बॉनेटही न उघडता सांगितले, “गिअरची पेटीच बदला.” बदलापूर हे नाव इथे घोडे बदलत असत म्हणून पडले, असे लोक सांगतात. घोडा बदलणारा निदान घोडा थकला आहे की नाही हे तरी पाहत असेल! एकाने न पाहता ‘नाही’ म्हटले होते, दुसऱ्याने न पाहता ‘आहे’ म्हटले. दोघांची जात एकच.

शेवटी दिवाळीच्या आठ दिवस आधी गाडी उल्हासनगरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या बराकींत वाढलेला हा माणूस. त्याने मला काही विचारलेच नाही. पत्नीला विचारले, “ताई, जाताना होते की येताना? घरून निघाल्यावर किती वेळाने? चढावर की सपाटीला?” तिने सांगितले ते सारे त्याने खडूने फळीवर लिहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, तुम्ही गाडी कुठवर नेता?”

“स्टेशनापर्यंत.”

“मग तुम्हाला ते दिसणार कसे?”

त्याने समजावले ते असे. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असेच दोन पंखे असतात; वाऱ्याच्या जागी तेल. पण दुसरा पंखा नेहमी थोडा मागे राहतो, आणि तेवढे पेट्रोल वाया जाते. म्हणून गाडी एका वेगाने चालू लागली की आतला एक क्लच दोघांना घट्ट जखडून टाकतो. ब्रेकवर पाय पडताच ती पकड सुटते. नाही तर गाडी थांबताना इंजिन बंद पडेल. आणि तेल पुरते तापल्याशिवाय ही पकड बसतच नाही. माझ्या सकाळच्या फेरीत तेल कोमट होण्याआधीच घर येत असे. जी पकड बसलीच नाही, ती सुटलेली मला कशी कळावी?

मग पत्नी गाडी चालवू लागली, मी शेजारी, मिस्त्री स्कूटरवर मागे. दुकानांतून आकाशकंदील लटकत होते. अंबरनाथ मागे पडले, रस्ता मोकळा झाला, आणि एका खडबडीत जागी ती म्हणाली, “हे बघा, आत्ता!” इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा उडी मारून पुन्हा बसला. गाडीने खरोखरच आवंढा गिळला होता!

मिस्त्रीने हात करून थांबवले. “ताई, ब्रेक दाबला होता का?”

“नाही हो.”

“मागचे लाल दिवे लागले होते.”

पेडलला टेकलेले एक बारीक बटण झिजून सैल झाले होते. गाडी हादरली की पाय नसतानाही ब्रेक दाबल्याचा निरोप जाई आणि पकड सुटे. म्हणजे तिचा पाय ब्रेकवर आहे असे मी म्हणत होतो, तेच ते बिघडलेले बटणही म्हणत होते. दोन-तीनशे रुपयांत काम झाले.

घरी येताना मला कॉलेजात शिकलेली एक गोष्ट आठवली. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून तिथे घागर नाही. पण त्याला एक अट आहे: असती तर ती दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मी अंधाऱ्या खोलीत उभा राहून महिनोन् महिने घागर नाकारीत होतो.

सांगितलेले सगळेच खरे मानावे, असे मी म्हणत नाही. भास होतात, सबबीही असतात. पण ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कमवावा लागतो. दवाखान्यात नीट चालणारे हृदय घरी चुकते, अशी तक्रार करणारे रोगी पूर्वी भित्रे ठरत. नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाने रोग्याने दिवसभर अंगावर वागवायचे यंत्र काढले आणि १९६१ साली त्याविषयी लिहिले. रोग दवाखान्यात येत नसेल, तर दवाखान्याने रोग्याबरोबर हिंडावे! मिस्त्रीच्या स्कूटरनेही दुसरे काय केले?

नैयायिक आप्ताचे वाक्य प्रमाण मानतात. आप्त म्हणजे जे जसे आहे तसे जाणून तसेच सांगणारा. मराठीत आपण हा शब्द नातेवाइकांना लावला आणि त्यांचेच म्हणणे प्रमाण मानायचे सोडून दिले. परक्या मिस्त्रीने तिचे शब्द फळीवर लिहून घेतले. मी ते हसण्यावारी नेले होते.

आता गाडी नीट चालते. परवा पत्नी म्हणाली, “पहाटे माझा उजवा हात बधिर होतो, पण उठेपर्यंत बरा असतो.” मी ‘काही नाही ते’ म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलेले शब्द गिळले आणि विचारले, “किती वाजता? किती दिवस झाले?”

“झाले की तीन-चार महिने.”

मी वही आणायला उठलो. या तीस वर्षांत तिने मला आणखी काय काय सांगायचे सोडून दिले असेल, हे मात्र विचारायचा धीर अजून झालेला नाही.