अरुंद रुळांचें ऋण

एखादा कारखाना बुडाला किंवा एखादी भाषा बोलणारा शेवटचा माणूस गेला, तर त्याचा शोक करावा कीं नाहीं याविषयीं सहसा वाद होत नाहीं. परंतु जी वस्तु तिच्याहून चांगल्या वस्तूला जागा करून देण्यासाठीं नाहींशी केली जाते, तिच्याविषयीं आपलें मन द्विधा होतें. शोक केला तर प्रगतीचा द्वेष केल्यासारखें वाटतें. न केला तर कृतघ्नपणा पदरीं येतो. सर्वांच्या हितासाठीं घेतलेला निर्णय योग्य ठरला, म्हणजे त्यांतून कोणाचेंही देणें उरत नाहीं काय? गोंदियाहून जबलपुरास जाणाऱ्या अरुंद लोहमार्गाचा इतिहास हा प्रश्न आपल्यापुढें स्पष्टपणें उभा करतो.

गोंदियाचें महत्त्व रेल्वेनें घडविलें आहे. 1880 ते 1882 या काळांत नागपूरपासून राजनांदगांवापर्यंत नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधली गेली. तिच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर होतें. 1887 सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें हा मार्ग आपल्याकडे घेऊन रुंद केला, आणि 1891 सालीं नागपूर आसनसोलशीं जोडलें गेलें. पुढें 1896-97 व 1899-1900 या दोन भयंकर दुष्काळांत मध्यप्रांत पोळून निघाला. त्यांच्या पाठोपाठ, 1903 ते 1905 या वर्षांत, याच कंपनीनें गोंदियाहून बालाघाट व नैनपूरमार्गें जबलपूरपर्यंत सुमारें 230 किलोमीटरांचा अरुंद मार्ग खुला केला. हीच सातपुडा रेल्वे. रुळांतील अंतर अवघें अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. रुंद मार्गाच्या 1676 मिलिमीटरांच्या निम्म्याहूनही कमी. लोक तिला साध्या ममतेनें ‘छोटी लाइन’ म्हणत.

येथें पहिली गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे ती ही, कीं गोंदियावरून जाणारा तो जुना मीटर मापाचा मार्गही एके काळीं नाहींसा झाला. पण त्याच्यासाठीं कोणीं अश्रु ढाळल्याचें आपण ऐकत नाहीं. तो पुरतीं दहा वर्षेंही त्या रूपांत टिकला नाहीं. उलट अरुंद मार्ग शंभरांहून अधिक वर्षें चालला. आजोबांनीं ज्या गाडीनें प्रवास केला, तिनेंच नातू शाळेला गेला. यावरून असें दिसतें कीं शोक लोखंडाचा नसतो. त्या लोखंडाच्या आधारानें जें जीवन रचलें गेलें, त्याचा असतो. वस्तु जुनी होते म्हणून पूज्य होत नाहीं; माणसें तिच्यावर विसंबूं लागतात, आणि या विसंबण्यांतून एक न लिहिलेला करार उत्पन्न होतो.

हा करार ओळखणें म्हणजे जुन्या गाडीचें खोटें स्तुतिस्तोत्र गाणें नव्हे. अरुंद माप निवडलें गेलें तें सौंदर्यासाठीं नव्हे, तर काटकसरीसाठीं. डोंगराळ मुलुखांत अरुंद रुळांना तीव्र वळणें घेतां येतात. भराव, खोदकाम आणि पूल यांचा खर्च कमी येतो. त्या काटकसरीची किंमत मात्र पुढील पिढ्यांनीं मोजली. सातपुड्यांतील सागवान, बांबू आणि बालाघाटकडील मँगेनीज छोट्या गाडीनें गोंदियास येई, तेव्हां त्याचा प्रवास तेथें तुटे. छोटे डबे रिकामे करावयाचे आणि तोच माल मोठ्या डब्यांत भरावयाचा. व्यापाऱ्याला हा निव्वळ खोळंबा, पण हमालाला तीच मजुरी. एकाची गैरसोय दुसऱ्याची भाकरी होती. तेवढ्यासाठीं ती गैरसोय कायम ठेवावी असें कोणीही विचारी माणूस म्हणणार नाहीं. मार्ग रुंद व्हावयास हवा होता, ही गोष्ट आम्हांस निर्विवाद वाटते. प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

इंग्लंडांतील एका प्रसिद्ध प्रकरणाशीं याची तुलना उद्बोधक होईल. 1963 सालीं डॉ. बीचिंग यांनीं ब्रिटिश रेल्वेच्या पुनर्रचनेचा अहवाल सादर केला आणि दोन हजारांहून अधिक स्थानकें बंद करण्याची शिफारस केली. त्यांत समुद्रकांठच्या विहारस्थळांना जाणारे पुष्कळ छोटे फांटे होते. टीकाकारांनीं या हिशेबांतील एक दोष दाखवून दिला. सुटीवर निघालेला प्रवासी तिकीट काढी तो आपल्या शहरांत. त्यामुळें उत्पन्न त्या शहराच्या स्थानकाच्या नांवें जमा होई, आणि ज्या किनाऱ्याच्या ओढीनें तो घराबाहेर पडला, तेथील स्थानकाच्या वहींत जवळजवळ शून्य दिसे. हिशेब चुकीचा नव्हता; त्याची दृष्टि अपुरी होती. वहीचा रकाना जें विचारतो, तेवढेंच उत्तर वही देते.

आपल्याकडे मार्ग तोट्यासाठीं नव्हे, वाढीसाठीं बंद झाला, हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि अपुरी दृष्टि येथेंही आढळते. बालाघाटपर्यंतचा भाग आधींच रुंद झाला होता. पुढील छोटी गाडी 2015 सालीं थांबली. जबलपूरकडील तुकडे एकेक करून पुरे होत गेले, पण बालाघाट आणि नैनपूर यांमधील जंगलाचा भाग सर्वांत शेवटीं हातावेगळा झाला. कान्हा व पेंच या अभयारण्यांना जोडणारा वन्य प्राण्यांचा वाटमार्ग तेथूनच जातो. म्हणून वनखात्याच्या परवानगीला वेळ लागला, आणि तो लागणें गैर म्हणतां येणार नाहीं. गोंदियाहून जबलपुरापर्यंत रुंद मार्गानें थेट गाड्या धावूं लागल्या त्या 2021 सालीं. मधलीं पांच वर्षें कोणाचीं होतीं? ज्यानें आराखडा आंखला त्याचीं नव्हेत, आणि आज वेगानें जाणाऱ्या दूरच्या प्रवाशाचींही नव्हेत. तीं होतीं जंगलालगतच्या गांवांतून चारोळी, मोहफुलें किंवा भाजीपाला घेऊन बाजाराला निघणाऱ्या माणसाचीं, ज्याला त्या वर्षांत महागड्या मोटारीवांचून किंवा पायपिटीवांचून दुसरी वाट उरली नाहीं. सर्वांच्या हिताचा पैसा ज्याच्या खिशांतून आधीं काढला गेला, तो सर्वांत गरीब होता.

कोणी म्हणेल, कीं कालांतरानें त्यालाही लाभ होणारच आहे. हें खरें मानलें तरी उद्यांचा लाभ आजच्या उपासाची भरपाई आपोआप करीत नाहीं. तो लाभ आणि ती झीज एकाच माणसाच्या वाट्याला येतील, याची शाश्वती कोण देणार? आणि वऱ्हाडांत मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूर येथें जाणाऱ्या ‘शकुंतले’च्या मार्गावर तर, कापसाचा तो जुना आधार सुटल्यावर, छोटी गाडी थांबली आणि तिच्या जागीं लगोलग मोठी आली नाहीं. तेथें ‘उद्यां’ या शब्दालाच अर्थ उरला नाहीं.

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मतो असें सांगितलें आहे. देव, ऋषि व पितर यांचें हें ऋण मागणारा सावकार दारांत कधीं येत नाहीं. तें ज्यानें त्यानें स्वतः ओळखावयाचें असतें. बंद झालेल्या मार्गाचें ऋण याच जातीचें आहे. तें फेडण्याचा एक सोपा मार्ग आपण शोधून काढला आहे: इंजिनाला रंग देऊन संग्रहालयांत उभें करणें. नागपूरच्या मोतीबागेंत 2002 सालीं असें संग्रहालय झालें. पुढें नैनपुरासही झालें. हें चांगलेंच आहे, मुलांनीं तें पाहावें. परंतु ज्यानें पांच वर्षें गाडीविना काढलीं त्याला कांचेआडच्या इंजिनाचा उपयोग नाहीं. ज्यांना त्या गाडीची गरज कधींच नव्हती, त्यांचा स्मृतिविलास हा ऋणफेडीचा आभास होय.

खरी फेड अगदीं साध्या जागीं करावी लागेल. रुंद रुळांवरून धावणारी गाडी छोट्या स्थानकावर थांबते कीं नाहीं, तिचें भाडें मोहफुलें विकणाऱ्याला परवडतें कीं नाहीं, तिची वेळ बाजाराच्या वेळेशीं जुळते कीं नाहीं, या तीन प्रश्नांत सारी नीति सामावलेली आहे. उत्तर होकारार्थी असेल तर छोटी गाडी मेली नाहीं, मोठी झाली असें म्हणतां येईल. नकारार्थी असेल, तर गोंदियालगतच्या मुर्रीसारख्या गांवांतील माणसाला रुंद मार्गाचा वाटा म्हणून केवळ तिची शिटी मिळेल. शिटी ऐकावयास तिकीट लागत नाहीं. पण तिनें बाजारही गांठतां येत नाहीं.