‘जैसे थे’चा धर्म

आमचे घर खासगी बाजारात आहे. मराठी संस्थानांत राजघराण्याचे उत्पन्न ते ‘खासगी’चे आणि राज्याचे ते ‘दौलती’चे, असा भेद असे. काय कोणाचे हे ठरवण्याची गरज आपल्या पूर्वजांनाही भासत होती, याची साक्ष हा शब्द देतो. सुबत्तेत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. दिवाळे वाजले, म्हणजे मात्र दहा हात एकाच तिजोरीकडे धावतात.

पूर्वी धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. तो स्वतः अन्न घेत नसे आणि तो उठेपर्यंत ऋणकोनेही जेवू नये, असा दंडक होता. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत या प्रथेविषयी लिहिले आहे. तीच छावणी पुढे आपले लष्कर झाली. प्रथा कठोर खरी. पण उपवास दोघांनाही घडे आणि म्हणूनच तंटा लवकर मिटे.

आज धरण्याची जागा न्यायालयाच्या मनाई हुकुमाने घेतली आहे. वादातील मालमत्ता कोणी विकू नये, हलवू नये, गहाण टाकू नये. निकालापर्यंत ‘जैसे थे’ राहावे. या हुकुमामागची नीती आम्हास पूर्ण मान्य आहे. तो नसेल, तर ज्याचा हात लांब त्याचे फावते: मालक रातोरात यंत्रे हलवतो, मोठा सावकार आधी पोचतो आणि दुबळ्याच्या वाट्याला रिकामी शेड येते. परंतु मालमत्ता गोठवता येते. माणसाची भूक आणि वय गोठवता येत नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचले नाही. महसूल खात्यात असताना एका बुडीत कारखान्याच्या ताब्याच्या वेळी पंचनाम्यासाठी आम्ही हजर होतो. कुलुपावर लाखेची मोहोर लागणार, तोच एक वयस्क मिस्त्री पुढे आला. आत त्याची स्वतःची हत्यारांची पेटी होती. “साहेब, तेवढी द्या. दुसरीकडे काम धरीन,” एवढेच तो म्हणाला. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० आम्हास पाठ होते. कारागिराची हत्यारे जप्त करू नयेत, असे १९०८ पासून त्यात लिहिले आहे. पण ते संरक्षण ऋणको असलेल्या कारागिराला; हा तर ऋणकोचा नोकर. पेटी त्याचीच, याला पुरावा नव्हता. “न्यायालयात हरकतीचा अर्ज करा,” असे आम्ही सांगितले. सात वर्षांनी कुलूप उघडले, तेव्हा पेटी न्यायला त्याचा मुलगा आला. हत्यारे गंजली होती. आम्ही नियमाबाहेर काही केले नव्हते. तरीही ती पेटी आठवली, की मन खाते.

तिकडे इंदुरात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि अवसायनात गेली. त्यानंतर कामगारांच्या देण्याचा प्रश्न न्यायालयात तीन दशके रेंगाळला. अखेर राज्य सरकारने देणी आधी चुकवून जमीन विकसित करावी, असा तोडगा निघाला आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपये देण्यात आले. लाभार्थी सुमारे ४८०० होते. वाट पाहता पाहता कित्येक कामगार निवर्तले होते. त्यांचा वाटा वारसांच्या हाती गेला. जमिनीचा भाव मात्र दरम्यान वाढतच होता. थांबण्याने जमिनीचे काही बिघडत नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने हा दोष ओळखला. कलम १४ प्रमाणे सर्व वसुलीला स्थगिती मिळते. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने प्रक्रियेला ३३० दिवसांची मर्यादाही घातली. कंपनी अवसायनात निघाल्यास कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने धरली जाते. तरीही जेट एअरवेजचे प्रकरण २०१९ मध्ये दाखल होऊन नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अवसायनाच्या आदेशापर्यंत पोचले. कायद्यात तारीख लिहिल्याने तारीख पाळली जाते, असे नाही.

कोणी म्हणेल, घाईने चुकीच्या हाती दिलेले परत कसे आणणार? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आम्ही मनाई हुकूम नको असे म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की वाद जेवढ्याचा तेवढेच गोठवावे. ज्यावर कोणाचाच वाद नाही, ती मजुरी आणि ती हत्यारे आधी मोकळी करावीत. आणि स्थगिती जो मागतो, त्याने विलंबाची झीजही सोसावी. धरणे धरणाऱ्याला आपल्या उपवासाने हे आपोआप कळत असे. आज बँकेची तिजोरी उपाशी राहत नाही, वकिलाचे ताट रिकामे राहत नाही आणि आमच्यासारख्या अधिकाऱ्याचा पगार पहिल्या तारखेला होतो. उपवास घडतो तो एकट्या मिस्त्रीला. सर्वांना सारखेच थांबवणे म्हणजे सर्वांना सारखाच न्याय देणे नव्हे, हे उमजायला आम्हास सबंध नोकरी खर्ची घालावी लागली.