प्रवाळमासा आणि घरातला समुद्र

प्रवाळ भित्तिकेवरचे मासे घरच्या काचेच्या टाकीत पाळण्याच्या छंदाकडे पाहणाऱ्याचे लक्ष आधी त्यांच्या रंगांकडे जात असले, तरी या छंदातील पहिला प्रश्न पाण्याचा आहे, आणि त्यातही पाणी किती आहे याचा आहे. प्रवाळ भित्तिका म्हणजे प्रवाळ नावाच्या प्राण्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांवर सांगाडे साचून उबदार, उथळ समुद्रात उभी राहिलेली रचना. तेथील पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि समुद्र अफाट असल्यामुळे हे प्रमाण सहसा फार सावकाश बदलते. घरच्या २०० लिटरच्या टाकीत जेमतेम सात किलो क्षार असतात. उन्हाळ्यात त्यातील दहा लिटर पाण्याची वाफ झाली, की क्षार मागेच राहत असल्याने प्रमाण ३७ ग्रॅमच्या जवळ जाऊन पोहोचते. म्हणूनच आटलेल्या पाण्याची भर खाऱ्या नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्याने घालावी लागते.

माशाच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया येतो, तो अल्प प्रमाणातही मारक असतो, आणि जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये व दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जिवाणू स्थिरावेपर्यंत काही आठवडे टाकी माशांविना ठेवावी लागते. जाकार्त्यातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत यंत्रांपेक्षा जिवंत खडकावर, म्हणजे जिवाणू, शैवाल आणि बारीक जीव यांनी व्यापलेल्या भित्तिकेच्या तुकड्यांवर भर होता. एकटा मासा पाळता येत नाही, त्याच्यासोबत एक वस्ती पाळावी लागते, ही समज या पद्धतीत होती आणि ती अजूनही पुरेशी रुजलेली नाही.

तरीही वस्तीतील प्रत्येक नाते टाकीत आणता येतेच असे नाही. भित्तिकेवर सफाईमासा म्हणून ओळखला जाणारा एक लहान, निळ्या-काळ्या पट्ट्यांचा मासा ठरावीक जागी थांबून राहतो. इतर मासे तेथे येऊन स्थिर होतात आणि तो त्यांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले परजीवी टिपून खातो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील निरीक्षणांनुसार असा एक मासा दिवसाकाठी दोन हजारांहून अधिक माशांची तपासणी करतो आणि सुमारे १,२०० परजीवी खातो. टाकीत त्याच्या वाट्याला पाच-सहा मासे येतात. तो पुष्कळदा खंगून मरतो आणि पाळणाऱ्याला आजाराची शंका येते. प्रत्यक्षात त्या माशाचे जगणे ज्या गर्दीवर उभे होते, ती गर्दी समुद्रातच राहिलेली असते. हा मासा विकतच घेऊ नये, असे निःसंकोच म्हटले पाहिजे.

क्लाउनफिशचे, म्हणजे समुद्रफुलाच्या दंशक बाहूंत राहणाऱ्या नारिंगी-पांढऱ्या माशाचे, उदाहरण याच्या उलट आहे. समुद्रफुलाशी असलेले त्याचे नाते अधिक प्रसिद्ध असूनही टाकीत ते सोडता येते, कारण त्या नात्याचा मुख्य लाभ भक्षकांपासून आसरा हा आहे आणि टाकीत भक्षक नसतो. शिवाय त्याची पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर थोडेच दिवस प्रवाहाबरोबर तरंगत असल्याने त्यांना हाताने वाढवणे साध्य झाले आहे. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याची पैदास केली आहे. निळ्या सर्जनफिशची पिले मात्र कित्येक आठवडे खुल्या पाण्यात तरंगतात, म्हणून ती फ्लोरिडातील संशोधकांना प्रथम २०१६ मध्ये वाढवता आली. त्याआधी टाकीत दिसणारा असा प्रत्येक मासा भित्तिकेवरूनच उचललेला होता, आणि आग्नेय आशियात अशा पकडीसाठी माशाला गुंगी आणणारे सायनाइड फवारून भोवतीच्या प्रवाळांचाही बळी दिला गेला आहे.

या सर्वांत विचाराला सर्वाधिक खाद्य पुरवतो तो इंडोनेशियातील बांगाई द्वीपसमूहाचा चंदेरी-काळा कार्डिनल मासा. त्याचा नर अंडी तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे उपाशी राहतो आणि पिले बाहेर आल्यावरही काही दिवस त्यांना तोंडातच सांभाळतो. त्यामुळे या जातीत प्रवाहाबरोबर तरंगण्याची अवस्थाच नाही. याच कारणाने तो घरच्या टाकीतही सहज पैदा होतो. आणि याच कारणाने, एखाद्या बेटाजवळचे हे मासे व्यापारासाठी उपसून नेले, तर शेजारच्या बेटावरून नवी पिले वाहत येऊन ती जागा भरत नाहीत. काही किलोमीटरवरच्या दोन समूहांमध्येही आनुवंशिक भेद आढळतात. २००७ मध्ये ही जाती संकटग्रस्त ठरली, तेव्हा तिची पैदास कशी करावी हे छंदिष्टांना कधीच माहीत झालेले होते.